उत्तम शुक्रवारी मी उभा राहिलो

आमच्या मंडळीत प्रार्थनेला डोळे मिटा म्हटलं की सगळे खरोखर डोळे मिटतात, असं मला बारावीपर्यंत वाटत होतं. या एका भाबडेपणापायी मी आज पाळक आहे. कुणाला सांगितलं तर लोक हसतात, आणि मीही त्यांच्याबरोबर हसतो, कारण दुसरं काय करणार?

मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि पाळक म्हणजे त्या चर्चची उपासना चालवणारा, लग्नं लावणारा, माती देणारा माणूस. भोरमध्ये एका किराणा दुकानाच्या वरची लांबोडकी खोली आम्ही उपासनेसाठी घेतली होती. खाली गुळाचा आणि शेंगदाण्याचा वास, वर आम्ही. सगळी मिळून अकरा घरं. सहा भोरात, तीन उत्रोलीत, एक वरव्याला हायवेच्या कडेला, आणि एक पार वेल्ह्याच्या डोंगरात, जिथं एसटीतून उतरल्यावर तासभर चालावं लागायचं. पप्पा भोर डेपोत ड्रायव्हर होते आणि आई अंगणवाडीत मदतनीस. नाव मराठी, आडनाव मराठी, जेवणात भात आणि कालवण, त्यामुळे आम्ही ख्रिस्ती आहोत हे लोकांना सांगावं लागायचं. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग नाताळला केक कधी देणार?

कॉलेजातल्या मित्रांना माझ्या भविष्याची काळजीच नव्हती. "तुमच्यात काय, मुली नर्स आणि मुलं मास्तर," असं म्हणायचे. "नाहीतर फादर." फादर म्हणताना ते हवेत क्रूस काढायचे, तोही पिक्चरमध्ये बघितलेला आणि उलटा. मी चिडायचो. माझं काय व्हायचं ते माझ्या मनात अगदी पक्कं होतं आणि त्यात मास्तर नव्हता आणि फादर तर नव्हताच.

मला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. मोठी पदवी मिळेल एवढे मार्क मला पडणार नव्हते हे ठाऊक होतं, पण पदविका करता येणार होती, आणि ती केली की खेडोपाडी फिरून लसी द्यायच्या, अडलेली गाय सोडवायची, शेळ्यांची औषधं द्यायची, एवढं सगळं करता येतं. दहावीच्या सुट्टीपासून मी वेल्ह्याकडच्या एका जनावरांच्या डॉक्टरांबरोबर फिरत होतो. ते पप्पांच्या गाडीने नेहमी ये-जा करायचे, त्यातून ओळख झालेली. धनगरांच्या वाड्यांवर लसीची पेटी घेऊन चढायचं, एकेक शेळी पायात दाबून धरायची, सुई द्यायची, सोडायची. संध्याकाळी अंगाला असा वास यायचा की आई मला दारातच थांबवायची. एकदा एका गाईचं वासरू आत अडकलं होतं आणि डॉक्टरांचा हात जाडजूड, पुढं सरकेना. त्यांनी मला बाही वर करायला लावली. मी आत हात घातला, डॉक्टर बाहेरून एकेक गोष्ट सांगत गेले आणि मला बोटांना खूर लागला. तो इवलासा, ओला, मऊ खूर तळव्यात आला तेव्हा मला जे वाटलं ते मी नंतर कुठल्याही उपासनेत शोधत राहिलो आहे. गाय सुटल्यावर डॉक्टर म्हणाले, "लांब आणि बारीक हात आहेत तुझे. हे देवानं दिलेलं असतं, कॉलेजात मिळत नाही."

डॉक्टर आमच्यातले नव्हते. देवाचं नाव त्यांनी आपलं सहज घेतलं.

इकडे आमच्या मंडळीत दर रविवारी शेवटच्या प्रार्थनेत एक मागणं ठरलेलं असायचं. प्रभू, आमच्या लेकरांतून एकाला तुझ्या सेवेसाठी उभं कर. मला समजायला लागलं तेव्हापासून मी हे मागणं ऐकत होतो. त्यामागे भीती होती. आमचे पाळकसाहेब सत्तरीला आले होते, गुडघे गेले होते, दुकानाशेजारचा जिना चढताना ते दर दोन पायऱ्यांनी थांबायचे आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून भिंतीवरचं काहीतरी वाचल्यासारखं करायचे. अकरा घरांच्या मंडळीला बाहेरून नवा पाळक कोण देणार? ते गेले की आम्ही विखुरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि आमच्या लेकरांतून म्हणजे तरी किती लेकरं? दोन मुली प्राथमिक शाळेत, वरव्याच्या घरातला मुलगा केव्हाच पुण्यात कंपनीत लागलेला, आणि मी. मागणं सुरू झालं की सगळ्यांच्या मनात कोण असायचं हे वेगळं सांगायला नको.

बारावीची परीक्षा संपली आणि उत्तम शुक्रवार आला. लोक त्याला गुड फ्रायडे म्हणतात. त्या दिवशी आमची उपासना दुपारी बाराला सुरू होते आणि तीनला संपते, कारण प्रभू क्रूसावर तेवढा वेळ होता. सकाळपासून उपास. क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात वेळा बोलायचं, मध्ये गीतं, आणि हे सगळं सतरंजीवर बसून. वर पत्रा तापलेला. त्या वर्षी पुण्याहून एक पाहुणे उपदेशक आले होते. आवाज एवढा दणदणीत की खालच्या दुकानदाराने माणूस पाठवून सगळं ठीक आहे ना असं विचारलं. सातव्या उद्गारानंतर त्यांनी सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितले आणि प्रार्थना सुरू केली. ती संपेना. माझा डावा पाय आधी जड झाला, मग नाहीसा झाला, आणि मग त्यात अशा मुंग्या आल्या की डोळ्यांत पाणी आलं.

प्रार्थनेच्या शेवटी उपदेशक म्हणाले, सर्वांनी डोळे मिटलेले राहू द्या, कुणीही बघू नका. ज्यांना आपलं सारं आयुष्य प्रभूच्या सेवेला द्यायचं आहे, त्यांनी आहे तिथं उभं राहावं.

हे मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी पाहुणा म्हणायचा, आणि दरवर्षी कुणीच उभं राहायचं नाही, आणि मिनिटभर शांततेनंतर आमेन व्हायचं. मी विचार केला, सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. मिनिटभर वेळ आहे. पटकन उठावं, पाय झटकावा, आमेनच्या आत खाली बसावं. कुणाला कळणारही नाही.

डोळे मिटायचा नियम उपदेशकाला नसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"हालेलूया!" असा आवाज आला आणि माझा झटकायला उचललेला पाय तसाच राहिला. "एक तरुण उभा आहे!" मग मला दिसलं की उत्रोलीच्या काकू माझ्याकडे बघताहेत, त्यांचे यजमान बघताहेत, पेटीवाले बघताहेत. म्हणजे ही माणसं इतकी वर्षं बघतच होती. आणि सगळ्यांच्या मागून, भिंतीला धरून उठत, आमचे पाळकसाहेब माझ्याकडे येत होते. त्यांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. माझ्या कपाळावर टपकन एक गरम थेंब पडला. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी खाली कसं बसायचं?

मी बसलो नाही. त्या एका मिनिटात मी तोंड उघडलं असतं तर सगळी खोली हसली असती आणि संपलं असतं. मी गप्प राहिलो. मला लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं छानही वाटलं, कारण इतकी माणसं माझ्याकडे बघून आनंदाने रडत आहेत असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवसापासून मला कुणी नावाने हाक मारेना. 'छोटे पाळक' झालो. काकूंनी सलाम करताना, आमच्यात नमस्काराऐवजी सलाम असतो, माझ्यापुढे मान लववायला सुरुवात केली. पाळकसाहेबांनी धर्मशास्त्राच्या विद्यालयाचा फॉर्म मागवला. मी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन पदविकेचाही फॉर्म भरून आलो, आणि दोन्ही फॉर्मच्या पावत्या एकाच वहीत ठेवल्या. विद्यालयाच्या फॉर्मला एक कोरं पान जोडलेलं होतं. वर छापलं होतं, तुम्हांला झालेल्या पाचारणाविषयी लिहा. देवाने तुला कसं बोलावलं ते सांग, असा त्याचा अर्थ. चार दिवस मी त्या पानासमोर बसलो. शेवटी लिहिलं, उत्तम शुक्रवारच्या उपासनेत उपदेशकांनी विचारलं तेव्हा मी उभा राहिलो. त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं.

मी आधी पप्पांना सांगितलं. डेपोच्या कँटीनमध्ये, ते ड्युटीवर निघायच्या आधी. पाय, मुंग्या, सगळं. पप्पांनी चहा संपवला, टोपी घातली आणि म्हणाले, "मला घाटातली वळणं विचार, सांगतो. यातलं मला काही कळत नाही. आईला तू सांग." आणि गाडीकडे गेले. माझ्या आईला पप्पा लग्नाच्या दिवसापासून घाबरत होते, त्यांच्याकडून मी फार अपेक्षा करायला नको होती.

आईकडे जायचा धीर होईना म्हणून मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते खाटेवर गुडघ्यांना तेल लावत बसले होते. मी सगळं सांगितलं, खाली मान घालून. ते रागावतील अशी माझी तयारी होती. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, बाटलीचं झाकण लावलं आणि अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं, "मग त्या मुंग्या कुणी आणल्या?"

मी म्हटलं, "कुणी म्हणजे? तीन तास बसल्यामुळे आल्या."

"तीन तास मीही बसलो होतो, बाळ. सगळेच बसले होते. मुंग्या नेमक्या तुलाच आल्या, आणि नेमक्या त्याच मिनिटाला आल्या. देवाला मोशेला बोलवायला झुडूप पेटवावं लागलं. तुझ्यासाठी एक पाय पुरला."

त्यांनी मला फसवलं नाही, तसं त्यांना मनापासून वाटत होतं. पण तिथून बाहेर पडताना मला एक गोष्ट कळून चुकली. माझ्या बाजूने मी जे काही बोलणार ते सगळं देवाच्याच बाजूचं ठरणार होतं. मला जनावरांत गोडी होती, तर ती मोह ठरली असती. मला उपासनेत कंटाळा यायचा, तर ती परीक्षा ठरली असती. मी देवालाच विचारायचं ठरवलं. आठ दिवस पहाटे उठून विचारलं, तुला मी कुठं हवा आहे ते सांग. आठही दिवस शेजारच्यांचा कोंबडा तेवढा आरवला.

शेवटी आईला सांगावंच लागलं. ती ओट्यापाशी तांदूळ निवडत होती. आईचं माहेर वेल्ह्याकडचं, बोली तिथलीच. मी म्हटलं, "आई, त्या शुक्रवारी मी..."

"पाय झोपला व्हता तुजा," आई म्हणाली. सूप हलत राहिलं. "म्या बगितलं. पोटरी चोळत व्हतास तू कवाधरनं."

"तू डोळे उघडे ठेवले होतेस?"

"सगळेच ठेवत्यात."

दीड महिना मी आतल्या आत जळत होतो आणि हिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. माझा आवाज चढला. "मग तू बोलली का नाहीस?"

आईने सूप खाली ठेवलं. "काय बोलू? पाळकसायेब रडत व्हते. म्हाताऱ्या मानसाला इतक्या वर्सांत म्या कवा एवढं खुशीत बगितलं न्हाई. मला वाटलं, देव घील चालवून. पायानं का हुईना, पोरगं उभं तर ऱ्हायलं." मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुला जायाचं नसंल तर नगं जाऊ. म्या आडवनार न्हाई. पर मंडळीपुढं तू सांग. माज्यानं न्हाई व्हायचं त्ये."

म्हणजे दार उघडं होतं. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो आहे. आईने दार उघडून दिलं होतं.

रविवार ठरला. नेमक्या त्याच रविवारी पाळकसाहेबांनी माझ्यासाठी निरोपाची प्रार्थना ठेवली होती, कारण विद्यालयातून होकार आला होता. पदविकेच्या यादीतही माझं नाव होतं, ते फक्त मला आणि पप्पांना माहीत. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. माझ्याकडून चूक झाली, मला क्षमा करा, प्रभूची सेवा मी दुसऱ्या मार्गाने करीन. तीनच वाक्यं. गीत झालं, पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. मी उभा राहिलो, खिडकीकडे बघून घसा साफ केला, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या मावशी आल्या. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो. अकरावं घर त्यांचं, आणि त्या घरात त्या एकट्या. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले होते. तेव्हा पाळकसाहेबांचे गुडघे धरलेले, वर पावसाने रस्ता खचलेला, आणि निरोप मिळून ते पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. वाडीतल्या लोकांनी खड्डा खणून ठेवला होता, आणि तुमची प्रार्थना काय असते ते आम्हाला येत नाही म्हणून सगळे प्रेताभोवती नुसते बसून राहिले होते. त्यानंतर मावशी भोरला फारशा आल्या नव्हत्या. त्या दिवशी दोन एसट्या बदलून आल्या, काखेत एक गोधडी घेऊन. मला वसतिगृहात थंडी वाजू नये म्हणून यजमानांच्या धोतराची आणि स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली.

ती माझ्या हातात देऊन त्या सगळ्यांकडे वळल्या. "आता मला घोर न्हाई," म्हणाल्या. "माज्या मातीला आता आपलं मानूस येईल. वाट बगत पडायला नगं."

मी आईकडे बघितलं. आई सतरंजीकडे बघत होती. ती म्हणाली होती तसं तिने मला अडवलं नाही, की पुढंही ढकललं नाही. पाळकसाहेब हात जोडून उभे होते. माझी तीन वाक्यं माझ्या तोंडात होती. मी म्हणालो, "माझ्यासाठी प्रार्थना करा," आणि खाली बसलो.

विद्यालयात मी वाईट विद्यार्थी नव्हतो. ग्रीक भाषेत नापास झालो, बाकी पास. पहिल्या वर्षी मी रोज पळून जायचा बेत करायचो, दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा. तिसऱ्या वर्षी पाळकसाहेब गेले आणि बेत करण्यात काही अर्थ उरला नाही, कारण अकरा घरं माझी वाट बघत बसली होती. दीक्षा घेऊन परत आलो तेव्हा घरं नऊ झाली होती. आता सात आहेत. मी लग्नं लावतो, बाप्तिस्मा देतो, आजाऱ्यांच्या उशाशी बसतो. लोक म्हणतात मी चांगला पाळक आहे. कधी कधी प्रार्थना करताना मलाही वेळेचं भान राहत नाही, आणि तेव्हा मला वाटतं की असेल, पाळकसाहेबांचं खरं असेल. आणि कधी रस्त्याने जाताना एखादी गाय लंगडताना दिसली की मी स्कूटर थांबवतो, खुरात काय आहे ते बघतो, आणि त्या दिवशीचा सगळा उपदेश डोक्यातून निघून जातो. मला खरंच बोलावलं होतं की नाही, हे आता कुणाला विचारणार? ज्यांना विचारावं त्यांना मीच दर रविवारी सांगत असतो की देव बोलावतो.

महिन्यातून एकदा मी मावशींकडे प्रभुभोजन, म्हणजे प्रार्थनेची भाकर आणि द्राक्षारस, घेऊन जातो. त्यांना आता खाली उतरवत नाही. रस्ता झालाय, स्कूटर जवळपास वाडीपर्यंत जाते. आई बहुतेक वेळा मागे बसून येते, दोघींचं जमतं. गेल्या पावसाळ्याच्या आधी असेच गेलो होतो. भाकर मोडून झाली, मावशींनी चहा टाकला, आणि शेजारच्या घरची बाई धावत आली.

"पाळक, तुमच्या मोबाईलला रेंज हाय का? डाक्टरला लावायचाय. गाय सकाळपासनं आडलीय."

रेंज तिथं कुणालाच नसते. मी म्हटलं, बघू तरी. गोठ्यात गाय आडवी पडली होती, दमून गेलेली, एकच पाय बाहेर दिसत होता. तिचा मालक, साठीचा शिडशिडीत माणूस, तिच्या डोक्याशी उकिडवा बसला होता आणि काही करत नव्हता. करण्यासारखं त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. मी सदरा काढला. साबण मागितला, गोडं तेल मागितलं, दोरी मागितली. हे मी ठरवून केलं नाही. कोपराच्या वरपर्यंत हात धुतला, तेल लावलं आणि आत घातला. डोकं लागलं. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे गेला होता. कळ आली की थांबायचं, कळ ओसरली की वासराला हलकेच मागे ढकलायचं, मग खूर तळव्यात झाकून घ्यायचा म्हणजे आत फाटणार नाही, आणि वळवून पुढं आणायचा. डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं ते सगळं हाताला पाठ होतं. किती वेळ गेला कोण जाणे. खूर पुढं आला. मालकाने दोरी धरली, कळेबरोबर खाली ओढली, आणि वासरू घसरत बाहेर आलं. मी त्याच्या नाकातलं पुसलं, काडी घालून शिंकवलं. त्याने श्वास घेतला आणि गाय मान वळवून त्याला चाटायला लागली.

मी गोठ्याच्या बाहेर आलो तेव्हा मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं. आई बादली आणि तांब्या घेऊन उभी होती. मी हात पुढं केले, ती पाणी ओतायला लागली. मालक माझ्या शेजारी येऊन बसला. रडला होता, ते लपवत होता. माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "लई उपकार झालं बगा तुमचं. हात तर डाक्टरचा हाय. मंग तुमी ह्येच का न्हाई केलं?"

मी काहीतरी हसून बोलणार होतो. अशा प्रश्नांना द्यायची उत्तरं मी तयार ठेवलेली आहेत. पण माझ्या आधी आई बोलली.

"म्या न्हाई करू दिलं," आई म्हणाली.

एवढंच. पाणी ओतता ओतता, त्या माणसाकडे बघून, माझ्याकडे न बघता. बारा वर्षांत आम्ही त्या रविवाराबद्दल एक शब्द बोललो नव्हतो, आणि ती हे ओझं एकटीच वाहत होती हे मला आत्ता, एका परक्याच्या गोठ्यासमोर कळत होतं. मला सांगायचं होतं की आई, हे खरं नाही. तू दार उघडून दिलं होतंस. त्या रविवारी पुढं उभा मी होतो, तोंडात शब्द असून गिळले ते मी. तो माणूस मान डोलावत उठून गाईकडे गेला. माझे हात केव्हाच स्वच्छ झाले होते. आई पाणी ओतत राहिली, आणि मी हात मागे घेतले नाहीत.